स्पॅनिशमधील नियमित क्रियापदांचा भूतकाळ: मराठी भाषकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पॅनिशमध्ये भूतकाळ एकच आहे की अनेक? येथे कोणत्या भूतकाळाची माहिती आहे?

भूतकाळ अनेक आहेत. शिकणाऱ्याचा रोजचा संबंध येतो तो दोन रूपांशी: ‘मी बोललो’ या अर्थाचे साधे पूर्ण भूतरूप आणि ‘मी बोलत होतो’ किंवा ‘मी बोलायचो’ या अर्थाचे अपूर्ण भूतरूप. येथील बहुतेक उत्तरे पहिल्या रूपाविषयी आहेत. दुसऱ्याचे विवेचन पुढे स्वतंत्रपणे येईल.

पहिल्या रूपाला वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळी नावे आढळतात आणि त्यामुळे बराच गोंधळ होतो. स्पेनमधील बहुतेक पाठ्यपुस्तके त्याला ‘प्रेतेरीतो इंदेफिनीदो’ म्हणतात, स्पॅनिश अकादमीच्या व्याकरणात ‘प्रेतेरीतो पेर्फेक्तो सिंप्ले’ असे नाव येते, तर लॅटिन अमेरिकेत नुसते ‘प्रेतेरीतो’ म्हणण्याची पद्धत आहे. हे शेवटचे नाव व्याकरणकार आंद्रेस बेयो यांच्या १८४७ सालच्या व्याकरणातले आहे. अपूर्ण भूतरूपाला बेयो यांनी ‘कोप्रेतेरीतो’, म्हणजे दुसऱ्या एखाद्या भूतकाळाच्या सोबतीने असणारा भूतकाळ, असे नाव दिले. माझ्या मते रूढ नावांपेक्षा हे नाव कितीतरी अधिक बोलके आहे.

देवनागरीत दिलेली स्पॅनिश रूपे कशी वाचावीत?

क्रियापदाच्या रूपात कोणतीही खूण नसेल तर आघात, म्हणजे उच्चारातला जोर, शेवटून दुसऱ्या अक्षरावर द्यावा. आघात अन्यत्र असेल तर ज्या अक्षरावर तो आहे त्याच्या आधी ’ ही खूण दिली आहे. आब्लार, कोमेर, बिबीर यांसारख्या मूळ रूपांत आघात नेहमी शेवटच्या अक्षरावर असतो, म्हणून तेथे खूण दिलेली नाही. ‘म्यो’, ‘म्ये’, ‘तेइस’ यांपैकी प्रत्येक एकच अक्षर मानावे.

स्पॅनिशमध्ये ‘व’ आणि ‘ब’ असे दोन वेगळे ध्वनी नाहीत, त्यामुळे ‘राहणे, जगणे’ या अर्थाचे क्रियापद येथे ‘बिबीर’ असे लिहिले आहे. अनेक मराठी पुस्तकांत आणि वह्यांत ते ‘विवीर’ असे दिसेल. ‘त’ आणि ‘द’ मात्र जसे लिहिले आहेत तसेच दंत्य म्हणावेत. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणाऱ्यांना जे मुद्दाम कमवावे लागते ते मराठी माणसाच्या जिभेवर आधीपासूनच असते.

नियमित क्रियापद म्हणजे कोणते, आणि ते साध्या भूतकाळात कसे चालवायचे?

प्रत्येक स्पॅनिश क्रियापदाचे मूळ रूप आर, एर किंवा ईर यांपैकी एका शेवटाचे असते. हा शेवट काढला की धातू उरतो. धातूत काहीही बदल न होता ठरलेले प्रत्यय लागत गेले, तर ते क्रियापद त्या काळापुरते नियमित.

आर-गटासाठी आब्लार, म्हणजे बोलणे, हे नेहमीचे उदाहरण घेऊ.
मी: आ’ब्ले
तू: आब्लास्ते
तो, ती, आपण (उस्तेद): आ’ब्लो
आम्ही: आब्लामोस
तुम्ही (बोसोत्रोस): आब्लास्तेइस
ते, त्या, आपण सर्व (उस्तेदेस): आब्लारोन

एर-गट आणि ईर-गट यांचे प्रत्यय साध्या भूतकाळात अगदी एकच आहेत. वर्तमानकाळात या दोन गटांत थोडा फरक होता, तो येथे पूर्णपणे मिटतो. कोमेर, म्हणजे खाणे, याची रूपे याच क्रमाने अशी होतात: को’मी, कोमीस्ते, को’म्यो, कोमीमोस, कोमीस्तेइस, कोम्येरोन. बिबीरची रूपे त्याच साच्यात बसतात: बि’बी, बिबीस्ते, बि’ब्यो, बिबीमोस, बिबीस्तेइस, बिब्येरोन.

म्हणजे पाठ करायच्या आहेत त्या एकूण दोनच ओळी. त्राबाखार (काम करणे), कोम्प्रार (विकत घेणे), एस्कुचार (ऐकणे) ही पहिल्या ओळीने चालतात. बेबेर (पिणे), आप्रेन्देर (शिकणे), आब्रीर (उघडणे), एस्क्रिबीर (लिहिणे) ही दुसऱ्या ओळीने.

‘तू’च्या रूपात शेवटी स नाही, ही छपाईची चूक आहे का?

चूक नाही. स्पॅनिशमध्ये ‘तू’ची रूपे प्रायः सर्व काळांत स-ने संपतात; साधा भूतकाळ हा त्याला ठळक अपवाद आहे. या अपवादामुळे खुद्द स्पॅनिश भाषकांपैकीही अनेक जण बोलताना ‘आब्लास्तेस’ असे म्हणून जातात. प्रमाणभाषेत मात्र ते अशुद्ध मानले जाते. मराठी माणसाने ‘तू बोललास’ आठवावे: तेथेही स आहे, आणि आब्लास्तेमध्येही तो आतल्या बाजूला आहे. हे साम्य योगायोगाचे आहे, पण लक्षात ठेवायला उपयोगी पडते.

आब्लामोस म्हणजे ‘आम्ही बोलतो’ की ‘आम्ही बोललो’?

दोन्ही. आर-गट आणि ईर-गट यांत ‘आम्ही’चे रूप वर्तमानात आणि साध्या भूतकाळात सारखेच असते, त्यामुळे अर्थ संदर्भावरून ठरतो: सोबत ‘आयेर’ (काल) आले की भूतकाळ, ‘तोदोस लोस दीआस’ (रोज) आले की बहुधा वर्तमानकाळ. एर-गटात ही अडचण नाही, कारण ‘आम्ही खातो’ हे कोमेमोस आणि ‘आम्ही खाल्ले’ हे कोमीमोस.

आघात चुकला तर खरोखर काही बिघडते का?

बिघडते, आणि येथे ते सर्वांत जास्त बिघडते. आब्लो म्हणजे ‘मी बोलतो’, आ’ब्लो म्हणजे ‘तो बोलला’. स्वर तेच, व्यंजने तीच. फरक फक्त आघाताचा, आणि त्या एका फरकाने काळही बदलतो आणि बोलणारा माणूसही. कोम्प्रो म्हणजे ‘मी विकत घेतो’, कोम्’प्रो म्हणजे ‘त्याने विकत घेतले’. त्याचप्रमाणे आ’ब्ले म्हणजे ‘मी बोललो’, तर आब्ले हे उस्तेदला उद्देशून केलेले ‘बोला’ असे आज्ञार्थी रूप होते.

मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही, त्यामुळे आपल्या कानाला त्याकडे लक्ष देण्याची सवय नसते. वर्गात प्रत्यय बिनचूक लिहिणारे विद्यार्थीही मोठ्याने वाचताना सगळी रूपे एका सपाट सुरात म्हणतात, आणि समोरच्या स्पॅनिश माणसाला भूतकाळाच्या जागी वर्तमानकाळ ऐकू येतो. म्हणून तक्ता मुकाट्याने लिहून काढण्यापेक्षा आघाताच्या अक्षरावर टिचकी वाजवत म्हणावा, असे मी आग्रहाने सांगेन.

लिहिताना हा आघात स्वरावरच्या तिरक्या रेघेने दाखवतात. नियमित क्रियापदांत ही रेघ केवळ ‘मी’ आणि ‘तो/ती’ या दोन रूपांवर येते. इतर चार रूपांत आघात लेखनाच्या सामान्य नियमानेच कळतो, म्हणून तेथे ती देत नाहीत. मोबाइलवर स्वराची कळ दाबून धरली की रेघेचा पर्याय दिसतो. मोठ्या लिपीत लिहितानाही रेघ गाळू नये.

‘तो’ आणि ‘मी’ यांच्या रूपांत आघात शेवटी का गेला?

ही रूपे लॅटिनमधून आली आहेत. ‘प्रेम करणे’ या क्रियापदाचे लॅटिनमधील ‘आमावी’ हे ‘मी’चे रूप झिजत झिजत ‘आ’मे’ झाले आणि ‘आमावित’ हे ‘तो’चे रूप ‘आ’मो’ झाले. आघात मूळचाच ‘मा’वर होता, त्याच्या पुढचे अक्षर त्यातच मिसळून गेले, आणि आघाताचे अक्षर आपोआप शेवटचे ठरले.

‘मी आंबा घेतला’, ‘मी साडी घेतली’, ‘मी आंबे घेतले’. स्पॅनिशमध्ये क्रियापद असे बदलते का?

बदलत नाही. तिन्ही वाक्यांत क्रियापद एकच: कोम्’प्रे. कोम्’प्रे उन मांगो, कोम्’प्रे उन सारी, कोम्’प्रे दोस मांगोस. मराठी भाषकांच्या बहुतेक चुकांचे मूळ येथे आहे, म्हणून हे उत्तर थोडे लांबवतो.

मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात बहुधा कर्मणी प्रयोगात असते. कर्ता ‘ने’ किंवा ‘नी’ हा प्रत्यय घेऊन बाजूला होतो आणि क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. हे असे आहे कारण आपला भूतकाळ संस्कृतातील कर्मणि भूतकृदंतापासून आला. ‘रामेण फलं खादितम्’ या वाक्यात ‘खादितम्’ हे फळाचे विशेषण आहे. तोच साचा ‘रामाने फळ खाल्ले’ या वाक्यात आजही शिल्लक आहे. स्पॅनिशचा साधा भूतकाळ मात्र लॅटिनमधील पुरुषदर्शक प्रत्यय लागलेल्या क्रियापदापासून आला, म्हणून तो कर्त्याकडेच पाहतो. काय घेतले, किती घेतले, याच्याशी त्याला काही देणेघेणे नाही.

चुका दोन प्रकारच्या होतात. पहिल्या प्रकारात विद्यार्थी ‘मी दोन पुस्तके घेतली’ याचे अनेकवचन क्रियापदावर नेतो आणि कोम्’प्रेऐवजी कोम्प्रारोन म्हणतो. दुसरा प्रकार जास्त छुपा आहे. ‘मुलींनी गाणे ऐकले’ या वाक्यात मराठी क्रियापद एकवचनी आहे, कारण गाणे एक आहे. म्हणून विद्यार्थी एस्कु’चो असे एकवचन वापरतो. योग्य वाक्य आहे: लास नीन्यास एस्कुचारोन उना कान्स्योन. मुली अनेक, म्हणून क्रियापद अनेकवचनी.

यावर एक उपाय आहे. मराठीत शिकणे, विसरणे, पिणे अशी काही क्रियापदे कर्म असूनही कर्त्याप्रमाणेच चालतात: ‘मी वही विसरलो’, ‘ती स्पॅनिश शिकली’, ‘आम्ही चहा प्यायलो’. स्पॅनिशमधील प्रत्येक क्रियापद जणू ‘विसरणे’सारखे आहे असे धरून चालावे. वाक्य रचण्यापूर्वी ‘कोणी केले?’ एवढाच प्रश्न स्वतःला विचारावा आणि ‘ने’ किंवा ‘नी’ लागलेल्या शब्दाचे पुरुष आणि वचन क्रियापदाला द्यावे.

बोलणारा पुरुष आहे की स्त्री, हे क्रियापदावरून कळते का?

नाही. ‘मी बोललो’ आणि ‘मी बोलले’ या दोन्हींसाठी आ’ब्ले. ‘तो आला’, ‘ती आली’, ‘ते (मूल) आले’ या तिन्हींसाठी ये’गो. येगार म्हणजे येऊन पोहोचणे.

तरीही ‘मला आंबे आवडले’ याचे भाषांतर करताना क्रियापद अनेकवचनी का होते?

कारण तेथे आंबे हाच कर्ता आहे. गुस्तार हे पूर्णपणे नियमित आर-गटाचे क्रियापद असून त्याची रचना आपल्या ‘आवडणे’सारखीच आहे: मे गुस्’तो एल काफे (मला कॉफी आवडली), मे गुस्तारोन लोस मांगोस (मला आंबे आवडले). इंग्रजीच्या आधारे शिकणारे येथे वर्षानुवर्षे अडखळतात. मराठी माणसाला मात्र हे सांगावेच लागत नाही, सांगावे लागते ते एवढेच की इंग्रजीला मध्ये आणू नका. दुखणे या अर्थाचे दोलेर असेच चालते: मे दो’ल्यो ला काबेसा, म्हणजे माझे डोके दुखले. ज्याला दुखले तो माणूस तेथेही कर्ता नसतो.

क्रियापद नियमित असूनही ‘मी’चे रूप लिहिताना वर्ण बदलतो. मग ते अनियमित मानावे का?

मानू नये. बुस्कार (शोधणे) याचे बुस्’के, पागार (पैसे देणे) याचे पा’गे, एम्पेसार (सुरू करणे) याचे एम्पे’से. देवनागरीत पाहिले तर बदल काहीच दिसत नाही: क चा क राहिला, ग चा ग राहिला, स चा स राहिला. बदल आहे तो रोमन लिपीच्या अडचणीतून आलेला. त्या लिपीत ‘सी’ हा वर्ण ‘ए’ या स्वरापूर्वी आला की क-चा उच्चार सोडतो. म्हणून क टिकवण्यासाठी तेथे ‘क्यू’ आणि ‘यू’ लिहितात. ‘जी’ हा वर्ण त्याच जागी घशातल्या ख-सारखा वाचला जातो. म्हणून मध्ये न उच्चारला जाणारा ‘यू’ घालतात. ‘झेड’ हा वर्ण ‘ए’पूर्वी सहसा लिहीत नाहीत, म्हणून त्याच्या जागी ‘सी’ येतो. हे सर्व केवळ ‘मी’च्या रूपात घडते, कारण आर-गटाच्या साध्या भूतकाळात ‘ए’ने सुरू होणारा प्रत्यय तेवढ्या एकाच ठिकाणी आहे.

वर्तमानात अनियमित असलेली क्रियापदे भूतकाळातही अनियमित असतात का?

बऱ्याचदा नसतात. पेन्सार (विचार करणे) आणि बोल्बेर (परतणे) यांच्या धातूतील स्वर वर्तमानात बदलतो, म्हणजे प्येन्सो, ब्वेल्बो. साध्या भूतकाळात मात्र पेन्’से, बोल्’बी अशी सरळ रूपे होतात. सालीर (बाहेर पडणे) याचे ‘मी’चे वर्तमानरूप साल्गो असले तरी भूतकाळ सा’ली, सालीस्ते, सा’ल्यो असा विनातक्रार चालतो. आर आणि एर या गटांतील अशी स्वर बदलणारी क्रियापदे भूतकाळात शांत होतात, हा भरवशाचा नियम आहे.

ईर-गटात मात्र थोडी गडबड शिल्लक राहते, तीही केवळ तृतीय पुरुषात. पेदीर (मागणे) याचे पे’दी, पेदीस्ते, पण पि’द्यो, पिद्येरोन; दोर्मीर (झोपणे) याचे दोर्’मी, दोर्मीस्ते, पण दुर्’म्यो, दुर्म्येरोन. लेएर (वाचणे) आणि काएर (पडणे) यांसारख्या, धातूच्या शेवटी स्वर असलेल्या क्रियापदांत त्याच दोन जागी ‘य’ येतो: ले’यो, लेयेरोन, का’यो, कायेरोन.

मग अजिबात नियमात न बसणारी क्रियापदे कोणती?

असणे, जाणे, करणे, येणे, देणे, म्हणणे अशी रोज लागणारी क्रियापदे त्यांत येतात आणि ती वेगळी पाठ करण्याला पर्याय नाही. एक गंमत सांगण्यासारखी आहे: सेर (असणे) आणि ईर (जाणे) यांचा साधा भूतकाळ अक्षरशः एकच आहे, म्हणून ‘फ्वे’ म्हणजे ‘तो होता’ही आणि ‘तो गेला’ही. जुन्या पुस्तकांत या रूपावर आघाताची रेघ दिसेल; अकादमीच्या १९५२ च्या नव्या लेखननियमांनी ती काढून टाकली आणि ते नियम १९५९ मध्ये बंधनकारक झाले. आज ती रेघ देणे चूक ठरते.

अपूर्ण भूतकाळ कसा चालवायचा?

हा साध्या भूतकाळाहून सोपा आहे. आर-गटात आब्लाबा, आब्लाबास, आब्लाबा, आ’ब्लाबामोस, आब्लाबाइस, आब्लाबान; एर आणि ईर या गटांत को’मीआ, को’मीआस, को’मीआ, को’मीआमोस, को’मीआइस, को’मीआन. संपूर्ण भाषेत येथे अनियमित क्रियापदे तीनच: सेर, ईर आणि पाहणे या अर्थाचे बेर. ‘मी’ आणि ‘तो’ यांची रूपे सारखी असल्यामुळे संदिग्धता असेल तेथे सर्वनाम आवर्जून लिहावे. एरवी मराठीप्रमाणेच स्पॅनिशमध्येही ते गाळता येते.

साधा भूतकाळ कधी आणि अपूर्ण भूतकाळ कधी वापरायचा?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्याची उत्तरे बहुधा इंग्रजी पुस्तकांतून उचललेली असतात. इंग्रजीत ‘बोललो’ या अर्थाचे एकच साधे रूप दोन्ही अर्थांना चालून जाते, म्हणून त्या पुस्तकांना लांबलचक याद्या द्याव्या लागतात. मराठीत हा भेद आधीच आहे. ‘मी जेवलो’ हे साधे भूतरूप. ‘मी जेवत होतो’, ‘मी जेवायचो’ आणि जुन्या धाटणीचे ‘मी जेवत असे’ ही तिन्ही स्पॅनिशमध्ये अपूर्ण भूतरूपात जातात. वाक्य आधी मराठीत नीट म्हणून पाहावे; दहांपैकी नऊ वेळा उत्तर त्यातच सापडते.

याद्यांवर विसंबल्याने काय होते ते पाहा. ‘रोज’ हा शब्द आला की अपूर्ण भूतकाळ, असे पुष्कळ जण पाठ करतात. पण ‘वर्षभर मी रोज अभ्यास केला’ हे दुरान्ते उन आन्यो एस्तु’द्ये तोदोस लोस दीआस असे होते, कारण ते वर्ष सुरू झाले, संपले आणि त्याचा एक गठ्ठा बांधून झाला. ‘तेव्हा मी रोज अभ्यास करायचो’ यात मात्र शेवट दाखवलेला नाही, म्हणून एस्तुद्याबा. तसेच ‘दहा वर्षे’ इतका दीर्घ काळ असला तरी ‘मी साताऱ्यात दहा वर्षे राहिलो’ हे बि’बी द्येस आन्योस एन सातारा असेच होईल. ‘लहानपणी मी साताऱ्यात राहायचो’ हे दे नीन्यो बि’बीआ एन सातारा. क्रिया किती वेळ चालली, याला महत्त्व नाही. बोलणारा तिच्याकडे बाहेरून, दोन्ही टोकांसकट पाहतो की आतून, चालू असताना पाहतो, याला महत्त्व आहे.

दोन्ही रूपे एका वाक्यात आली की बेयो यांच्या ‘सोबतीचा भूतकाळ’ या नावाचा अर्थ कळतो. म्येन्त्रास कोसिनाबा, या’मो मी एर्माना: मी स्वयंपाक करत होते, तेवढ्यात बहिणीचा फोन आला. स्वयंपाक ही पार्श्वभूमी, फोन ही घटना.

काही क्रियापदांचे मराठी प्रतिशब्दच यामुळे बदलतात. कोनोसेर म्हणजे ओळखणे. कोनो’सीआ आ आना म्हणजे ‘मी आनाला ओळखत होतो’, तर कोनो’सी आ आना म्हणजे ‘आनाशी माझी ओळख झाली’. दुकानात केरेर या क्रियापदाचे अपूर्ण भूतरूप नम्रपणासाठी वापरतात: के’रीआ उन काफे. याचे मराठी भाषांतर ‘एक कॉफी हवी होती’ असेच होते. कॉफी आत्ताच हवी असूनही आपण दोघेही ‘होती’ म्हणतो.

‘मी बोललो आहे’ आणि ‘मी बोललो होतो’ यांना स्पॅनिशमध्ये काय आहे?

आबेर या साहाय्यक क्रियापदाची रूपे आणि पुढे आब्लादो, कोमीदो, बिबीदो अशी कृदंते. ए आब्लादो म्हणजे ‘मी बोललो आहे’, आ’बीआ आब्लादो म्हणजे ‘मी बोललो होतो’. ही कृदंते आबेरसोबत कधीही बदलत नाहीत. जुन्या कास्तिलियनमध्ये, म्हणजे जुन्या स्पॅनिशमध्ये, ती आपल्या क्रियापदांसारखी कर्माप्रमाणे बदलू शकत. पुढे ती पद्धत नाहीशी झाली.

येथे एक मराठी सवय आड येते. आपण ‘गेल्या वर्षी मी हे पुस्तक घेतले होते’ असे सहज म्हणतो, जरी त्यानंतरची दुसरी कोणतीही घटना मनात नसते. स्पॅनिशमध्ये अशा वाक्याला नुसते कोम्’प्रे पुरते. आ’बीआ कोम्प्रादो तेव्हाच म्हणावे, जेव्हा भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधी ते घडले होते असे सांगायचे असेल.

‘आज मी उशिरा जेवलो’ यासाठी स्पेनमध्ये एक रूप आणि मेक्सिकोत दुसरे शिकवतात. बरोबर कोणते?

आपापल्या ठिकाणी दोन्ही बरोबर. माद्रिदमध्ये आज, या आठवड्यात, या वर्षी अशा अजून न संपलेल्या कालखंडात घडलेल्या गोष्टींसाठी ए कोमीदो हे रूप वापरतात. मेक्सिको, अर्जेंटिना आणि लॅटिन अमेरिकेच्या मोठ्या भागात तेथेही को’मी म्हणतात. स्पेनमध्येही गालिसिया, आस्तुरियास आणि कॅनरी बेटे या भागांत साध्या भूतकाळाकडेच कल आहे. मेक्सिकोत ‘नो आ येगादो’ म्हटले तर तो अजून आलेला नाही, पण येऊ शकेल, असा अर्थ होतो. ‘नो ये’गो’ म्हटले तर तो आलाच नाही, विषय संपला. तुमचा शिक्षक किंवा तुमची कंपनी ज्या प्रदेशाशी बोलते त्या प्रदेशाची पद्धत धरावी आणि दोन्हींची सरमिसळ टाळावी.

तू, तुम्ही, आपण यांचे काय करायचे?

जवळच्या माणसाला तू, आदराने उस्तेद. उस्तेद हा शब्द ‘बुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे साधारण ‘आपली कृपा’, याचा झिजलेला अवशेष आहे. त्यामुळे त्याला तृतीय पुरुषाचे क्रियापद लागते: उस्तेद आ’ब्लो. ‘साहेब काय म्हणाले?’ असे समोरच्या साहेबांनाच विचारण्यासारखे हे आहे. अनेकांना उद्देशून लॅटिन अमेरिकेत केवळ उस्तेदेस आब्लारोन वापरतात, म्हणून तेथेच जाणार असाल तर बोसोत्रोसची रूपे ओळखता आली तरी पुरे. अर्जेंटिनातल्या ‘बोस’ या सर्वनामाची वर्तमानकाळातली रूपे वेगळी असली, तरी साध्या भूतकाळात ‘तू’चेच रूप चालते: बोस आब्लास्ते.

परीक्षेच्या दृष्टीने हे सर्व केव्हा लागते?

स्पॅनिशचा प्रसार करणाऱ्या स्पेनच्या सेर्बान्तेस संस्थेच्या अभ्यासक्रमात साधा भूतकाळ, अपूर्ण भूतकाळ आणि ए आब्लादो हे रूप अशी तिन्ही ‘ए-दोन’ या पातळीवर येतात, म्हणजे देले या स्पॅनिश प्रमाणपत्र परीक्षेच्या दुसऱ्या पायरीवर. भारतात या संस्थेचे केंद्र नवी दिल्लीत आहे.

सराव कसा करावा?

तक्ते पाठ झाल्यानंतर रोज रात्री दिवसभरातल्या पाच गोष्टी लिहाव्यात आणि पहिले काही आठवडे केवळ नियमित क्रियापदेच वापरावीत. आज काय विकत घेतले, काय खाल्ले, कोणाशी बोललात, किती वाजता घराबाहेर पडलात, काय वाचले. माद्रिदची पद्धत शिकत असाल तर आदल्या दिवसाच्या गोष्टी लिहाव्यात, म्हणजे साधा भूतकाळच लागेल. प्रत्येक वाक्यात कर्त्याखाली रेघ ओढून क्रियापद त्याच्याशी जुळते का ते तपासावे, आणि मग ते वाक्य आघातासकट मोठ्याने म्हणावे. पंधरा दिवसांनी त्याच पाच वाक्यांभोवती पार्श्वभूमी घालायला सुरुवात करावी: पाऊस पडत होता, बसला गर्दी होती, मी फोनवर बोलत होते. ती वाक्ये अपूर्ण भूतकाळात जातील, आणि पाच सुट्या नोंदींऐवजी वहीत एक छोटा प्रसंग उभा राहील.